टाको बेल: शाकाहाऱ्यांची हक्काची रांग

न्यू जर्सीत ऑफिसातून घरी पोहोचेपर्यंत सात वाजून जातात. त्यानंतर कणीक भिजवायचा उत्साह आमच्या घरात तरी कुणाला नसतो. म्हणून गेले सात-आठ महिने आमची गाडी अधूनमधून टाको बेल या मेक्सिकन धाटणीच्या फास्ट फूड साखळीच्या ड्राइव्ह-थ्रूला वळते.

आम्ही दोघंही शाकाहारी. इथल्या मॅकडोनाल्ड्सच्या फ्राइजमध्येसुद्धा बीफ फ्लेवर असतो, त्यामुळे बाकी ठिकाणी आधी घटकांची यादी वाचा आणि मग भूक मारा, असा प्रकार. टाको बेलच्या बऱ्याच जिन्नसांना 2015 पासून अमेरिकन व्हेजिटेरियन असोसिएशनचं प्रमाणपत्र आहे. स्पीकरवर 'बीफ नको, बीन्स घाला' एवढं सांगितलं की झालं. कुणी 'का' म्हणून विचारत नाही. अॅपवरून ऑर्डर केली तर तेवढंही बोलावं लागत नाही. मात्र मांसाहारी आणि शाकाहारी पदार्थ एकाच ओट्यावर बनतात. कडक पाळणाऱ्यांनी विचार करूनच जावं.

बीन बरिटो म्हणजे मैद्याच्या मऊ पोळीत घोटलेले पिंटो बीन्स, चीज, लाल सॉस आणि कच्चा कांदा. आहे तसा खाल्लात तर मिळमिळीत लागतो. त्यात बटाटे घालायला सांगा आणि वर फायर सॉसच्या दोन-तीन पुड्या पिळा, मग जिभेला जरा जाग येते. डायब्लो आणखी तिखट असतो, पण कोल्हापूरकरांनी फार आशा धरू नये. चातुर्मास पाळणाऱ्यांसाठी सूचना: कच्चा कांदा काढून मिळतो, सॉसच्या पुडीतला नाही.

खरा जीव मेक्सिकन पिझ्झावर. तळलेल्या दोन कुरकुरीत पोळ्या, मध्ये बीन्स, वर सॉस, चीज, टोमॅटो. 1985 पासूनचा हा पदार्थ नोव्हेंबर 2020 मध्ये बंद केला होता. त्याच्या खोक्यांना वर्षाला सत्तर लाख पौंडांहून जास्त पुठ्ठा लागतो, हे त्यामागचं एक कारण. बटाटेही त्याच वर्षी काढले होते, ते 2021 मध्ये परतले. पिझ्झासाठी मात्र भारतीय वंशाच्या एका चाहत्याने ऑनलाइन मोहीम काढली, दीड लाखाहून जास्त सह्या झाल्या, आणि मे 2022 मध्ये तो परत आला. तेव्हा इतका खपला की काही दिवसांत साठाच संपला आणि सप्टेंबरपर्यंत थांबावं लागलं. एरवी पॉटलकला पनीर की छोले यावर एकमत न होणारी आपली मंडळी इथे बरोबर एक झाली!

तक्रार एकच, मीठ. एका बीन बरिटोत साडेतीनशेच्या आसपास कॅलरी, ते ठीक, पण सोडियम हजार मिलिग्रॅमच्या घरात. दिवसाची मर्यादा 2300 धरतात. बीपीवाल्यांनी एकावर थांबावं.

गोडात सिनॅमन ट्विस्ट घ्या. तेलात कुरडईसारखे फुलतात, वर दालचिनी-साखर. पिशवीचं तोंड बंद ठेवलं तर वाफेने मऊ पडतात, म्हणून गाडीतच संपवा.