तीन फुटी ‘मॉस स्टिक’: चौदा महिन्यांनंतर

पूर्वेच्या खिडकीत माझा बदामाच्या आकाराच्या पानांचा फिलोडेंड्रॉन आहे. आधी टांगत्या कुंडीत होता. वेली कमरेपर्यंत लोंबायच्या, पण पानं जेमतेम तीन इंचांची आणि दोन पेरांमधलं अंतर वाढतच चाललेलं. ही वेल मूळची मेक्सिको, मध्य अमेरिका, कॅरिबियन बेटं इकडच्या जंगलातली, झाडाच्या खोडाला धरून वर चढणारी. तिला खोड मिळावं म्हणून गेल्या वर्षी जूनमध्ये नर्सरीतून ही ‘मॉस स्टिक’, म्हणजे वेल चढवायची काठी, आणली, १८० रुपयांना.

नावात मॉस (शेवाळ) असलं तरी आत मॉस नाही. प्लॅस्टिकच्या पाइपवर नारळाचा काथ्या गुंडाळून नायलॉनच्या दोऱ्याने आवळलाय. काथ्यात पाणी टिकत नाही, सरळ निथळून कुंडीत जातं. पहिले दोन महिने मी फक्त कुंडीला पाणी घातलं. वेल सुतळीने बांधलेली म्हणून उभी राहिली, पण पेरापेरांतून निघालेली हवाई मुळं कोरड्या काथ्याशी येऊन तिथेच सुकून जायची. फार वाईट वाटायचं.

मग पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला सुईने भोक पाडलं आणि बाटली काठीच्या टोकावर उपडी बांधली. थेंब थेंब पाणी काथ्यातून उतरू लागलं. तिसऱ्या आठवड्यात एक मूळ दोन फाटे फुटून काथ्यात शिरलेलं दिसलं. हलकेच ओढून पाहिलं, सुटेना! त्या दिवशी घरातल्या प्रत्येकाला बोलावून दाखवलं. त्यानंतर येणारं प्रत्येक पान आधीच्यापेक्षा मोठं. पातळ आवरणातून गुंडाळी बाहेर येते, तांबूस, चकचकीत, आणि काही दिवसांत हिरवी होते. (मनी प्लांटला असं सुटं आवरण नसतं, तिथे नवं पान आधीच्या पानाच्या देठातून निघतं. दोघांत गोंधळ होत असेल तर हे बघा.) आता वरची पानं सहा इंचांची आहेत.

बाटलीचं पाणी शेवटी कुंडीतच उतरतं, हे लक्षात ठेवा. ऑगस्टमध्ये माती सुकेचना, खालची चार पानं पिवळी पडली. कुंडीला वेगळं पाणी देणं बंद केलं, मातीत पर्लाइट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे खडे) वाढवलं, तेव्हा थांबलं.

काठीतले दोष दोन. खालचा मोकळा पाइप फक्त चार इंच, त्यामुळे आठ इंची कुंडीत ती डोलते. मला गजाला बांधावी लागली. आणि वर्षभरात वरचा दोरा सैल होऊन काथ्या घसरला. घेताना अंगठ्याने दाबून बघा, काथ्या हलता कामा नये. आणि काठी रोप लावतानाच खोवा, नंतर खोवली तर मुळं तुटतात. घरात मांजर किंवा रांगतं मूल असेल तर कुंडी उंचावर ठेवा, पानं चावली तर तोंडाची आग होते.

एवढं सगळं करूनही मी हीच काठी पुन्हा घेईन. या बारीक वेलीला ती पुरते. शेंडा काठीच्या वर वीतभर गेलाय, रविवारी दुसरी आणायची आहे.