बंड्याची शिकवणी: ६०० रुपये वसूल

आमचा बंड्या म्हणजे सन कॉन्युअर जातीचा परदेशी पोपट, वय २ वर्षं. ह्यांच्या खांद्यावर बसून कान फोडायचा. आमच्या दांडिया बाजारातल्या घरी आलेला पाहुणा बोटाला पट्टी लावूनच परतायचा. शेवटी घरी येऊन शिकवणाऱ्या एका ताईंना बोलावलं. भेटीचे ६०० रुपये.

ताईंनी पक्ष्याला हातही लावला नाही, तासभर आम्हालाच न्याहाळलं. मग म्हणाल्या, "काकू, चावल्यावर तुम्ही 'अगं आई गं' ओरडता ना, तो तमाशा त्याला आवडतो." घ्या! म्हणजे शिकवणी माझीच.

खांदा बंद. पाठीवरून हात फिरवणंही बंद, कारण त्याने पक्षी आपल्याला जोडीदार समजतो आणि मग हक्क गाजवतो. खाजवायचं ते डोकं आणि मानच. बुबुळं भराभर लहानमोठी झाली, शेपूट पसरली, की हात मागे. चावलाच तर न बोलता स्टँडवर ठेवून मिनिटभर पाठ फिरवायची. "वर ये" म्हटल्यावर बोटावर आला, तर सूर्यफुलाचं बी. एकच. रात्री १० ते १२ तास अंधारात झोप हवी, इथे मात्र गाडी अडली. हे अकरापर्यंत टीव्ही लावतात. पिंजरा मागच्या खोलीत हलवला.

तीन आठवड्यांत चावणं बरंच कमी झालंय. ह्यांना अजून अधूनमधून प्रसाद मिळतो, कारण ते चोरून खांद्यावर घेतात.

ताईंच्या रेटिंगमधला एक तारा कापला तो वेळेसाठी: चारची वेळ देऊन ताई साडेपाचला उगवल्या. शेजारच्यांनी त्यांना देशी पोपटाबद्दल विचारलं, तर "१९७२च्या कायद्याने तो पाळताच येत नाही," म्हणून साफ नकार दिला. ते आवडलं.