सेवा-करार करून घेतला, लातूर

मी लातुरात बसून पुण्या-मुंबईच्या कंपन्यांची बिझनेस ॲनालिस्टची कामं घेतो. मागं एका क्लायंटनं तोंडी बोलीवर रिक्वायरमेंट डॉक्युमेंट (कंपनीला नेमकं काय हवं ते लिहिलेला कागद) सात वेळा बदलून घेतलं, वर शेवटचा हप्ता बुडवला. फार लागलं ते. म्हणून गंजगोलाईजवळच्या वकीलताईंकडून करार लिहून घेतला. त्यांनी आधी तासभर माझं कामच समजून घेतलं! कामाची व्याप्ती, दोनच फेरबदल, पुढं तासाचा दर, सगळं स्पष्ट आलं. उद्यम नोंदणीही, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करायला लावली. २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायद्यानं लहान उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, उशीर झाला तर चक्रवाढ व्याज. मसुद्याला आठ दिवस लागले, तेवढं लवकर हवं होतं. नव्या क्लायंटनं पहिल्याच वाचनात सही केली.