चपडा लाख, मेणकांडी आणि अक्रोड : सागवानी फर्निचरच्या ओरखड्यांवरील उपायांचा पावसाळ्यानंतरचा अनुभव

आमच्या जुन्या सागवानी कपाटाच्या दारावर किल्ल्यांच्या जुडग्याने आणि जेवणाच्या टेबलावर भांडी सरकवल्याने उमटलेले ओरखडे मी फेब्रुवारीत घरीच दुरुस्त केले. त्यावरून उन्हाळा आणि पूर्ण पावसाळा गेला असल्याने कोणता उपाय टिकला आणि कोणता नुसता दिसण्यापुरता होता, हे आता खात्रीने सांगता येते.

सर्वांत आधी लाकडावरचे पॉलिश कोणते आहे ते ओळखावे, कारण पुढचे सारे त्यावरच ठरते. मागच्या, न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा बोळा थोडा वेळ टेकवल्यावर पृष्ठभाग चिकट झाला, तर ते लाखेचे, म्हणजे फ्रेंच पॉलिश असते. मेलामाइन किंवा पीयू (पॉलीयुरेथेन) हे कृत्रिम पॉलिश असेल तर त्याला सहसा काहीही होत नाही. सनमायक्याला यांपैकी कोणताही उपाय लागू पडत नाही.

अक्रोडाचा गर चोळण्याचा उपाय खोटा नाही. ओरखड्यातील विस्कटलेले तंतू प्रकाश विखुरतात म्हणून तो पांढरा दिसतो, आणि तेल मुरल्यावर तो गडद होऊन लपतो. मात्र हा परिणाम काही आठवड्यांतच ओसरला. शिवाय तेलकट जागेवर पुढे पॉलिश नीट धरत नाही, त्यामुळे पॉलिश करायचे असेल त्या जागी अक्रोड लावूच नये.

मेणाची कांडी खोल खाचेसाठी उपयोगी पडते. कपाटाच्या आतल्या बाजूची भरलेली खाच अजून शाबूत आहे, पण खिडकीलगतच्या कडेवर, जिथे दुपारचे ऊन येते, तिथले मेण मे महिन्यात मऊ होऊन त्यावर धूळ बसली. मेणावर लाख चढत नसल्याने मेण नेहमी शेवटी भरावे.

खरा भरवसा बसला तो चपडा लाखेवर, म्हणजे पातळ पापुद्र्यांच्या रूपात मिळणाऱ्या लाखेवर. साधारण 20 ग्रॅम चपडा 100 मिलीलिटर स्पिरिटमध्ये काचेच्या बरणीत रात्रभर भिजवला आणि तळाशी बसलेला मेणाचा गढूळ थर सोडून वरचा तांबूस द्रव जुन्या मलमलीतून गाळून घेतला. स्पिरिट चटकन पेट घेते, म्हणून हे काम स्वयंपाकघरापासून आणि देवघरातील समईपासून दूर, खिडक्या उघड्या ठेवूनच करावे. ओरखड्यावरून 400 नंबरचा पॉलिश पेपर लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच, हलक्या हाताने फिरवला. व्हिनिअर, म्हणजे वरून चिकटवलेला लाकडाचा पातळ थर असेल तर येथे फार जपावे लागते, कारण तो थर अर्ध्या मिलिमीटरइतका पातळ असू शकतो. उघड्या पडलेल्या फिकट रेघेवर लाखेतच कालवलेली चिमूटभर गेरू बारीक कुंचल्याने भरली आणि ती वाळल्यावर मऊ कापडात गुंडाळलेल्या कापसाच्या बोळ्याने लाखेचे पातळ हात दिले. बोळा हाताच्या पाठीवर दाबल्यास ओल जाणवावी, पण थेंब गळू नये. तो मध्येच एका जागी थांबवला तर तिथली लाख उचलली जाते.

नव्या लाखेतील स्पिरिट खालचा जुना थर किंचित विरघळवते आणि दोन्ही थर एकजीव होतात, हे या पॉलिशचे मोठेपण आहे. कपाटाच्या दाराकडे आज तिरप्या उजेडात पाहिले तरी जोडाची कड दिसत नाही. पीयूच्या बाबतीत हे घडत नाही आणि डाग लावल्यासारखी सीमारेषा राहते.

पावसाळ्यात मात्र हे काम काढू नये. स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतील दमट ओल त्यावर धरते आणि पॉलिशवर पांढुरके धुके येते. जुलैमध्ये एका स्टुलाला हात देताना नेमके हेच झाले. हवा कोरडी झाल्यावर स्पिरिटने जेमतेम ओलावलेला बोळा फिरवला, तेव्हा ते गेले.

टेबलाबाबत मी तितका समाधानी नाही. ओरखडे गेले खरे, पण गरम पातेल्याखाली आणि ओल्या पेल्याखाली लाख टिकत नाही, त्यामुळे पांढरी वर्तुळे पुन्हा पुन्हा येतात. म्हणून टेबलाचा वरचा भाग जुनी लाख पूर्ण काढून पीयू करून घेण्याचे ठरवले आहे. कपाट आणि पलंग लाखेवरच राहतील. बरणीवर महिना लिहून ठेवावा, कारण भिजवलेली लाख सहा महिने ते वर्षभरात जुनी होते आणि मग ती नीट वाळत नाही. फेब्रुवारीतली उरलेली मी टाकून दिली असून दिवाळीनंतर पलंगासाठी नवी भिजवणार आहे.