घर विकायचंय? व्हिडिओ कॉलवरच्या नोटरीत पैसे घालू नका, गृहभेट मागा

शिवाजी पेठेतलं आमचं जुनं घर विकलं त्याचा अनुभव लिहितोय, कुणाचा तरी त्रास वाचेल. प्रॉपर्टी कार्डावर आई आणि दादा दोघांची नावं, आई ८१ वर्षांची, गुडघ्यांमुळं उंबरा ओलांडणं अवघड, आणि दादा अमेरिकेत व्हर्जिनियाला. त्यानं तिकडचं स्वतःचं घर ऑनलाइन नोटरीवर विकलेलं, लायसन कॅमेऱ्याला दाखवलं, ओळख पटवायला चार प्रश्न विचारले, स्क्रीनवर सही केली, सगळ्याचं रेकॉर्डिंग राहिलं. तिकडं ही सोय २०१२ पासून आहे. इकडंपण तसंच करूया म्हणाला, मलाबी पटलं.

मग एक ऑनलाइन डॉक्युमेंट सर्व्हिस गाठली. व्हिडिओ कॉलवर दोघांची नोटरी करतो, खरेदीला चालतंय म्हणाले आणि साडेचार हजार घेतले. वकिलांनी तो कागद बघून बाजूलाच ठेवला, कारण आपल्याकडं खरेदीखत दुय्यम निबंधकांकडं, म्हणजे सरकारी नोंदणी ऑफिसातल्या अधिकाऱ्याकडं, नोंदवल्याशिवाय मालकी जातच नाही, मग नोटरी व्हिडिओवर करा नाहीतर समोर बसून करा. पैसे परत मागितले तर फोन उचलत नाहीत. अजिबात जाऊ नका असल्यांकडं.

दादाचं काम कुलमुखत्यारपत्रानं झालं, म्हणजे त्याच्या वतीनं सही करायचा अधिकार देणारा कागद. भारतीय वकिलातीतून अटेस्ट करून त्यानं माझ्या नावानं पाठवलं. परदेशातला असा कागद इथं पोचला की तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरून घ्यावं लागतं, हे विसरू नका.

आईसाठी वकिलांनी गृहभेटीचा अर्ज टाकला, सोबत डॉक्टरांचा दाखला. नोंदणी कायदा १९०८ च्या कलम ३८ मध्ये आजारी, अधू माणसाला ऑफिसात यायची सक्ती नाही, अधिकारी घरी येऊ शकतात, आणि हे आपल्यातल्या कितीतरी लोकांना माहीतच नसतंय, म्हाताऱ्या माणसांना खुर्चीत बसवून उचलून नेतात बिचारी.

साहेब लॅपटॉप, कॅमेरा, अंगठ्याचं मशीन घेऊन घरी आले. आईचा अंगठा उठेना, जन्मभर भाकरी थापून, धुणी धुवून रेषा पार पुसट झाल्यात. पदराला पुसून तिसऱ्यांदा ठेवला तेव्हा उठला. मग साहेबांनी मला आणि घेणाऱ्यांना बाहेर थांबायला सांगितलं आणि तिच्याजवळ खुर्ची ओढून विचारलं, "आजी, घर विकताय न्हवं? कुणी जबरदस्ती न्हाई न्हवं केली? पैसं पोचलं का?"

याच्यासाठी मी समोरासमोरच्या सहीला पाच स्टार देतोय. व्हिडिओ कॉलवर कॅमेऱ्याच्या मागं कोण उभारलंय ते कुणाला दिसतंय? दादासारख्या नोकरदार माणसाला ऑनलाइन ठीक आहे, वयस्कर माणसाला नको.

बाकी डेटा एंट्री आणि मुद्रांक शुल्काचं चलन ऑनलाइन झालं, तिथं काही अडलं नाही. नोंदणी फी १ टक्का, जास्तीत जास्त ३० हजार, ती घेणाऱ्यांनी भरली.

आईनं साहेबांना उत्तर दिलेलं दारातनं ऐकू आलं. "पैसं पोचलं. परड्यातला पेरू तेवढा तोडू नका म्हणावं." घेणारे माझ्या शेजारीच उभे होते, ते तिथनंच "नाही तोडत आजी" म्हणाले.