रविवारचा पेठांमधला फुकट वॉक: इतिहास छान, पण खरी मजा प्रभागाच्या फॉर्मची

पुण्यात हेरिटेज वॉकना तोटा नाही. बहुतेक ठिकाणी तोच शनिवारवाडा, तेच "काका मला वाचवा", दोन-चार सेल्फी आणि चला घरी. त्यामुळे बहिणीने ह्या वॉकचा मेसेज फॉरवर्ड केला तेव्हा मी म्हटलं बघू, नाहीतर निदान मिसळ तरी होईल. पण हे प्रकरण जरा वेगळं निघालं म्हणून सविस्तर लिहितोय.

ग्रुपला अजून धड नाव नाही, व्हॉट्सअॅपवरचं नाव सारखं बदलत असतं. कॉलेजची आणि नुकती नोकरीला लागलेली पोरंपोरी चालवतात. फी नाही, शेवटी एक डबा फिरतो त्यात वाटलं तर टाका. सुरुवात फुलेवाड्यापासून, मग मंडई, भिडेवाड्याची जागा आणि विश्रामबागवाडा, सगळं चालत.

फुलेवाड्यात भाषण नाही की काही नाही, थेट आवारातल्या हौदापाशी नेलं. १८६८ साली जोतीरावांनी घरचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांना खुला केला हे आपण सगळ्यांनी शाळेत वाचलंय, पण समोर उभं राहून "तुमच्या सोसायटीत काम करायला येणाऱ्या मावशी लिफ्ट कुठली वापरतात?" असं कोणी विचारलं की जरा गप्पच व्हायला होतं. एक जण "आमच्याकडे एकच लिफ्ट आहे" म्हणून सुटला.

सगळ्यात भारी मंडई. तिथे सगळ्यांना चिठ्ठ्या वाटल्या, म्हणजे तुम्ही १८८० च्या आसपासचे नगरपालिकेचे सदस्य, तिजोरीत पैसे थोडे, एकीकडे मोठी मंडई बांधायचा प्रस्ताव आणि दुसरीकडे शिक्षणाचा खर्च, बोला आणि हात वर करा. दहा मिनिटं नुसता कल्ला. एक कॉमर्सवाली मुलगी बाजार असेल तर महसूल येईल, त्यातूनच शाळा काढता येतील वगैरे अगदी मुद्देसूद बोलत होती आणि तेवढ्यात शेजारी कोथिंबिरीच्या जुड्या बांधणाऱ्या मावशी मान वर न करता म्हणाल्या, "आधी संडास बांधा म्हणावं." मावशींना टाळ्या, मत मात्र मंडईलाच पडलं. मग सांगितलं की जोतीराव १८७६ पासून काही वर्षं खरंच नगरपालिकेचे सदस्य होते आणि मंडईवर एवढा पैसा घालू नका, शिक्षणावर घाला असं म्हणत त्यांनी विरोध केला होता. त्यांचं ऐकलं गेलं नाही. १८८६ ला गव्हर्नरच्या नावाने रे मार्केट उभं राहिलं, आणि पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्यालाच महात्मा फुले मंडई नाव मिळालं. ज्या इमारतीला विरोध केला तिच्यावरच नाव! मी लहानपणापासून तिथे भाजी घेतोय, हे कधी कोणी सांगितलं नव्हतं.

भिडेवाड्यापाशी मात्र उरकल्यासारखं वाटलं. १८४८ ची मुलींची शाळा, २०२३ च्या डिसेंबरमध्ये वाडा पाडला, आता राष्ट्रीय स्मारक होणार, एवढंच. पाडायचा की जपायचा, इतकी वर्षं कोर्टात काय चाललं होतं, ह्यावर तर खरी चर्चा व्हायला हवी होती. समोर दगडूशेठची गर्दी आणि माइक नाही त्यामुळे मागच्यांना निम्मं ऐकूच आलं नाही. विश्रामबागपण बाहेरूनच. दुसऱ्या बाजीरावाचा वाडा, १८२१ ला तिथे संस्कृत पाठशाळा, नंतर काही काळ नगरपालिकेचा कारभारही तिथूनच, असा धावता हिशोब.

नंतर अमृततुल्यच्या बाहेर चहा आणि नागरिकशास्त्र, आणि ह्यासाठी मी माझ्याकडून पूर्ण मार्क देतो. प्रश्न एकच, तुमचा प्रभाग क्रमांक किती? शिवाजी महाराजांचे किल्ले धडाधड सांगणारी पोरं इथे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. अर्थात त्यांना तरी किती दोष देणार, २०२२ च्या मार्चमध्ये नगरसेवकांची मुदत संपली ती नंतर जवळजवळ चार वर्षं प्रशासकच, त्यामुळे विशी-बाविशीतल्या पोरांनी २०२६ च्या जानेवारीआधी महापालिकेला मत दिलेलंच नव्हतं. त्यात बहुतेक प्रभागांत चार-चार नगरसेवक, मग खड्ड्यासाठी नेमकं कोणाला धरायचं?

मग त्यांनी महापालिकेच्या बजेटसाठी नागरिकांनी कामं सुचवायचा फॉर्म काढला. हे पुण्यात २००६ पासून चालू आहे बरं का. फूटपाथ, बाकं, दिवे, बसथांबा अशी छोटी कामं सुचवायची आणि क्षेत्रीय कार्यालयात द्यायची. तिथेच बसून भरायला लावला. "रस्ता नीट करा" लिहिलं की परत देत होते, कुठल्या चौकापासून कुठपर्यंत ते लिहा, जवळची खूण लिहा. माझ्या शेजारच्याने क्लासवरून येताना लागणाऱ्या अंधाऱ्या बोळातल्या दिव्यासाठी चहाच्या कपाखाली फॉर्म दाबून मस्त नकाशाच काढला. शेवटी पोच घ्यायला विसरू नका हे तीनतीनदा सांगितलं.

आता तक्रारी. शेवटची क्विझ अगदीच शाळकरी, सगळे सनावळ्यांचे प्रश्न, पोरं सरळ मोबाइलमध्ये बघून उत्तरं देत होती. आणि येणारी मंडळी बहुतेक पेठांतली नाहीतर कोथरूडची. मंडईत हमाली करणाऱ्यांची, गाळ्यावर बसणाऱ्यांची पोरं त्याच वयाची असतात, पण रविवारी सकाळी सात म्हणजे त्यांच्या धंद्याची वेळ. संध्याकाळची बॅच काढा असं मी त्यांना सांगितलंय, बघू.

जायचं असेल तर आपला प्रभाग क्रमांक आधी शोधून ठेवा, पेन घरून न्या (तिथे दोनच होते) आणि खाऊन जा, मिसळ वॉकमध्ये धरलेली नाही. पुढचा वॉक पाण्यावर आहे, कात्रजहून पेशव्यांनी आणलेला नळ, पेठांतले हौद आणि आत्ताचे टँकर. तो मी चुकवणार नाही.