एचिंग क्रीम घ्या, रेडिमेड स्टेन्सिल नको

मसाल्याच्या बरण्यांवरची कागदी लेबलं तेलकट होऊन सुटतात, म्हणून नावं काचेवरच कोरायची ठरवली आणि एचिंग क्रीम ऑनलाइन मागवली. परदेशी व्हिडिओत आर्मर एच (Armour Etch) नावाची दिसते ना, तसलाच प्रकार. पांढरी, दाट, जरा रवाळ, त्यामुळे वापरायच्या आधी बाटली नीट हलवायची. क्रीमला पाचात चार. सोबत घेतलेल्या रेडिमेड स्टेन्सिलला दोन, तेही रडतखडत.

क्रीममधले फ्लोराइडचे क्षार काचेतल्या सिलिकाला खातात, वरचा थर खरखरीत होतो आणि तेवढा भाग दुधी दिसतो. हा रंग नाहीये, त्यामुळे घासणीने कितीही घासा, जात नाही. (बाटली प्लॅस्टिकची का असते ते यावरून कळेलच.) अ‍ॅक्रिलिकच्या डब्यांवर ढिम्म काही होत नाही, ते सोडून द्या.

आता स्टेन्सिल. रेडिमेडमध्ये फुलं, वेली आणि इंग्रजी एबीसीडी, बस्स. चिकटपणा इतका कमी की गोल बरणीवर कडा उचलल्या जातात आणि क्रीम खाली झिरपून अक्षर फुगतं. मराठी नावं हवी असतील तर सरळ नाक्यावरच्या रेडियमवाल्याकडे जा, नंबरप्लेट करतो तोच, त्याच्याकडे विनाइल, म्हणजे स्टिकरचा चिकट प्लॅस्टिक कागद, कापायचं मशीन असतं. त्याला एकच गोष्ट नीट समजावून सांगायची, अक्षरं काढून टाक आणि बाहेरचा भाग मला दे, कारण त्याला सवय बरोब्बर उलटी. आणि वेलचीतल्या व चं, बडीशेपेतल्या ब चं पोट सुटं पडतं, ते तुकडे जागेवर राहावेत म्हणून वरून ट्रान्सफर टेप (सगळे तुकडे जसेच्या तसे उचलणारी चिकटपट्टी) लावूनच घ्या, नाहीतर ते चिमट्याने बसवत बसाल. बारीक फॉन्ट नको, शिरोरेषा जाड ठेवा.

बरणी आधी स्पिरिटने पुसायची, बोटाचा तेलकट ठसा राहिला की तिथे डाग पडतो. क्रीम जाड थापायची, पातळ फासली तर ढगाळ येतं. बाटलीवर लिहिलेल्या वेळेपेक्षा मी थोडी जास्तच ठेवते. नंतर प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडून परत बाटलीत, पुन्हा चालते, म्हणून छोटी बाटलीही खूप पुरते. धुतल्यावर ओल्या काचेवर काहीच दिसत नाही, घाबरू नका, वाळली की अक्षरं उमटतात.

एक तारा कापला तो सेफ्टीसाठी. रील्समध्ये लोक उघड्या हाताने फासतात, तसं अजिबात करू नका, फ्लोराइड कातडीत आत जातं आणि कधी कधी लगेच जळजळही होत नाही. माझ्या पाकिटात हातमोजे नव्हते आणि सूचना मुंगीच्या अक्षरात. रबरी हातमोजे, चष्मा, खिडकी उघडी, पोरं लांब. हाताला लागलंच तर भरपूर पाण्याने धुवा आणि बाटली घेऊन डॉक्टरकडे जा. सिरॅमिकच्या बेसिनमध्ये धुवू नका, त्याची चकाकीसुद्धा खाते, प्लॅस्टिकच्या बादलीत पाणी घेऊन त्यात धुवा.

बाथरूमच्या खिडकीसाठी विचार करत असाल तर नका घेऊ, एवढ्या मोठ्या काचेवर पट्टे पट्टे दिसतात. काचवाल्याकडून सँडब्लास्टिंग (वाळूचा मारा करून काच दुधी करणं) करून घ्या, नाहीतर फ्रॉस्टेड फिल्म चिकटवा, भाड्याचं घर असेल तर फिल्मच.